पेला भरतानाचा आवाज

माझं काम आवाज टिपण्याचं. बावीस वर्षं सिनेमावाल्यांसाठी मायक्रोफोन धरलाय. त्यामुळे वहिनीने जेव्हा विचारलं, "भावजी, पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज मिळेल का?" तेव्हा मी ऐटीत चौदा रेकॉर्डिंग तिच्यापुढे टाकली.

वहिनी घरी बसून वेबसाइट बनवते. अंध मुलांच्या एका शाळेसाठी ती खेळ तयार करत होती. कीबोर्डवरचं बटण दाबून धरलं की ब्राउझरमध्ये पाणी ओतलं जाणार, आणि पेला भरत आला की मुलाने नुसतं ऐकून थांबायचं. माझी रेकॉर्डिंग ऐकून तिने मान हलवली.

"सुरेख आहेत. पण ही आपल्याच चालीने चालतात. मूल मध्येच थांबलं, पुन्हा ओतायला लागलं, तर पेला किती भरलाय हे रेकॉर्डिंगला कुठे ठाऊक?"

"मग पाणी आणणार कुठून?"

"कोड लिहून आवाजच बनवते."

मला हसू आलं. दोन दिवसांत तिने कोडमधून एक खरखर काढली, ती फिल्टरमधून गाळली आणि शाळेत नेली. मीही मजा बघायला गेलो. तिथल्या बाई स्वतः जन्मांध. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "हे पाणी नाही हो. तुम्ही कढईत काहीतरी तळताय."

वर्ग खिदळला. वहिनीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. बाईंनी चाचपून तांब्या घेतला आणि पेल्यात पाणी ओतलं. "ऐका. आधी आवाज जाड असतो. पेला भरतो तसा तो बारीक होत वर चढतो. अगदी वर पोचायच्या आत आम्ही थांबतो."

हे मला बावीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस वहिनी डोळे मिटून स्वयंपाकघरात पेले भरत होती. भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. आई म्हणाली, "एवढी तहान कोणाला लागलीय या घरात?"

चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली. पाण्याचा आवाज बुडबुड्यांचा असतो, हे तिने शोधून काढलं होतं. मग तिने एकेक बुडबुडा वेगळा घडवला. एक बारीकसा स्वर, पापणी लवायच्या आत उमटून विरणारा, दर वेळी किंचित निराळा. असे सेकंदाला पन्नास-साठ, आणि पेला भरेल तसा आवाज बारीक करत वर सरकणारा फिल्टर. मी हेडफोन लावले. तिने बटण दाबलं आणि मी नकळत मांडीकडे पाहिलं, पाणी सांडलं की काय म्हणून.

शाळेत बाईंनी एका नऊ वर्षांच्या मुलीला पुढे बोलावलं. सांडशील म्हणून घरी तिला कुणी तांब्याला हात लावू देत नसे. खेळात पहिले तीन पेले तिने ओसंडवले. चौथा बरोबर काठाखाली थांबवला. मग अर्धा तास ती कोणाला जागा देईना.

"आता खरा पेला द्या," ती म्हणाली.

बाईंनी दिला. तिने दोन्ही हातांनी तांब्या उचलला, मान कलती केली आणि ओतलं. काठाच्या दोन बोटं खाली थांबली. टेबलावर थेंब नव्हता. मग तिने आणखी एक भरला, माझ्यासाठी, आणि मी तो उभ्याउभ्याच संपवला.

वहिनी पदराने डोळे पुसत होती तेव्हा मुलगी तिच्याजवळ सरकली. "मावशी, दूध उतू जातं तेही करा ना."

"ते कसं वाजतं गं?"

"आधी भांडं सळसळतं. मग उतू जायच्या आधी एकदम गप्प होतं. तेव्हाच धावायचं असतं."

वहिनीने पर्समधून पेन काढलं. "थांब. हळू सांग," ती म्हणाली आणि लिहून घेऊ लागली.