नसलेलं एन्झाइम

"म्हणजे खोट माझ्यातच आहे, असं म्हणताय ना मॅडम?" महिपतने विचारलं.

"खोट कसली, काका?" डॉक्टर विनिता म्हणाल्या. "ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाची एन्झाइम्स असतात. अंगात शिरलेलं विष पकडायचं, बांधायचं आणि बाहेर घालवायचं, हे त्यांचं काम. त्यातलं एक तुमच्यात जन्मापासून नाही. कितीतरी धडधाकट माणसांत ते नसतं. तुम्ही शेती केली असतीत तर ते नाही हे कळलंही नसतं."

महिपतने शेती केली नव्हती. साताऱ्याकडून येऊन तो डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात चिकटला, आणि उमेदीची सारी वर्षं त्याने तिथल्या टाकीपाशी घालवली. लाल माल निघाला की कामगारांना लघवीही लालसर व्हायची. त्यावरून मुतारीत थट्टा चालायची. त्यामुळे रक्त जायला लागलं तेव्हा महिपतही थट्टाच करत राहिला. ठाण्याच्या इस्पितळात मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, तोवर फार उशीर झाला होता. तिथे रंगकामगारांच्या रक्ताचा अभ्यास चालला होता. त्यात त्याचंही रक्त तपासलं गेलं.

जे कळलं ते त्याने भोळेपणाने कारखान्यात सांगितलं. आठवड्याच्या आत ऑफिसातला दिपेश त्याच्या शहाडच्या घरी हजर झाला.

"वाईट वाटतं हो काका," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "पण तुमच्या अंगातच कमी आहे, त्याला कंपनी काय करणार? बाकीचे बघा, ठणठणीत आहेत. तरी साहेब म्हणाले, तुमच्या मुलाला, सुदेशला, कामावर घेऊ. फक्त त्याचं रक्त तपासू. हल्ली नवीन माणसाचं तपासूनच घेतो."

महिपतचा आजार कारखान्याला बराच शहाणपणा शिकवून गेला होता.

सुदेशच्या रक्तात ते एन्झाइम निघालं. महिपतच्या बायकोने, मालनने, देवापुढे साखर ठेवली. "आईवर गेलाय पोरगा," ती डोळे पुसत म्हणाली. महिपतने मात्र डॉक्टरांना फोन लावला.

"काका, ज्यांच्यात ते आहे असेही पेशंट माझ्याकडे आहेत," विनिता म्हणाल्या. "रोज विष जात राहिलं तर एन्झाइम तरी कुठवर पुरणार? त्याला पाठवू नका तिथे."

महिपतने मुलाला समोर बसवून ते सगळं सांगितलं.

"मग खाऊ काय आपण?" सुदेश म्हणाला. "दोन वर्षं चपला झिजवल्या ना मी? कोणी उभं केलं नाही. तुमच्यात नव्हतं, माझ्यात आहे. बास ना आता."

"अरे, निदान मास्क, ग्लोव्हज तरी मागून घे."

"घेईन ना."

पहिल्या दिवशी सुदेश संध्याकाळी घरी आला. मोरीत बराच वेळ हात घासत राहिला आणि मग पाटावर येऊन बसला.

"दिले का रे ग्लोव्हज?" महिपतने विचारलं.

सुदेश हसला. "मागितले तर सुपरवायझर बोलला, तुला कशाला? तुला तर तपासून घेतलाय."

मालनने पुढ्यात ताट ठेवलं. सुदेशने भाताला हात घातला तेव्हा त्याची बोटं दिसली. मनगटापर्यंत केशरी. नखांच्या कडा अजून ओल्या होत्या, तिथला रंग पांढऱ्या भातात हलकेच उतरला.

"थांब," महिपत म्हणाला.

भिंतीला धरून तो उठला आणि एकेक पाऊल टाकत मुलाजवळ जाऊन बसला. तेवढ्यानेही त्याला धाप लागली. रंग लागलेला भात त्याने चिमटीने काढून बाजूला टाकला. मग ताट स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं, आमटी कालवली आणि घास उचलला.

"बाबा, काय हे? मी लहान आहे का?"

"आ कर," महिपत म्हणाला.

सुदेशने एकदा आईकडे पाहिलं. तिने मान फिरवली. मग त्या चोवीस वर्षांच्या पोराने केशरी हात पाठीमागे घेतले आणि तोंड उघडलं.