भिंतीवरचे दोन ठिपके

पद्मावतीने ब्रेक दाबला की समोरच्या पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर दोन फिकट पिवळे ठिपके उमटत. पाय उचलला की नाहीसे होत. तिने पुन्हा दाबून पाहिले. ब्रेकचा दिवा गाडीच्या मागे, तो लाल. मग पुढचे पार्किंगचे दिवे का मिणमिणावेत?

"बाबा, मागचो लाल दिवो लागलो?"

"लागलो गो! जास्वंदीसारखो!" मागे उभे असलेले गुणाजी ओरडले.

तिला ते पटेना. सकाळीच बाजारात एक सायकलवाला गाडीवर आदळता आदळता वाचला होता, आणि तुमचा मागचा दिवा लागतच नाही, असे चारचौघांत सुनावून गेला होता.

गुणाजींनी मासेमारीचा मचवा विकून ही जुनी मोटार घेतली होती. पद्मावती हायस्कुलात शास्त्र शिकवायची. रत्नागिरीला जाऊन तिने परवाना काढला, त्याला वर्ष उलटले, पण गाडी चालवायला मागितली की बाबा म्हणायचे, "बघया." मागच्या महिन्यात त्यांनी आचऱ्याच्या वळणावर गाडी दगडी गडग्याला घासली, आणि रस्ताच सरकला म्हणून सांगितले. उद्या कुणकेश्वरची जत्रा. शेजारच्या बायका गाडीत असणार, परतताना काळोख होणार.

ती खाली उतरली. मागच्या दिव्याचा स्क्रू बोटाने चाचपला. बोट चिकटले. हुंगले तर माशांच्या तेलाचा वास!

"बाबा, ह्या काय?"

"मियाच तेल लायलंय. होडयेक लावतत तसा. खाऱ्या वाऱ्यान गंज धरता मां!"

पडवीत कुळीथ निवडणाऱ्या तिच्या आई कृष्णाबाई खो खो हसल्या. "गाडी काय दर्यात घालूची आसा?"

"तू गप रव गो. मचव्याक कधी गंज धरलो?"

"मचवो लाकडाचो होतो!"

पद्मावतीलाही हसू आवरेना. दिव्यात आलेली वीज त्या स्क्रूवाटे गाडीच्या पत्र्यातून परत जाते. तेलाचा थर वाळून ती वाट बुजली, म्हणून बिचारी आडवाटेने पार्किंगच्या दिव्यांत शिरत होती. तिने स्क्रू काढला, पत्रा आणि स्क्रू पॉलिशकागदाने घासून लख्ख केले, पुन्हा घट्ट बसवला आणि ती गाडीत जाऊन बसली. ब्रेक दाबला. भिंत कोरी राहिली.

पाय उचलून तिने पदराने कपाळ पुसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "लागलो! झकास लागलो!"

तिचा पाय तर ब्रेकवर नव्हताच.

प्रयोग एकदाच करून निष्कर्ष काढू नये, हे ती मुलांना रोज सांगायची. पाय तसाच ठेवून तिने विचारले, "आणि आता, बाबा?"

"आताय लागलो! लालभडक!"

कृष्णाबाई सूप ठेवून उठल्या आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "खंयचो लालभडक? काळोख आसा हंय. पदू, दाब बघू. हां, आता लागलो. आता इझालो. परत लागलो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "ह्यो माका दिसता. तुमका दिसता?"

गुणाजींनी दिव्याजवळ तोंड नेले, मागे घेतले, डोळे चोळले. पद्मावती खाली उतरून त्यांच्याजवळ आली.

"जवळ गेल्यार दिसता," ते म्हणाले. "लांबसून सगळा धुक्यातल्यासारखा."

"कधीपासून?" पद्मावतीने विचारले.

"रस्तो सरकलो तेव्हापासून."

आधी कृष्णाबाईंना हसू फुटले, मग पद्मावतीला, आणि शेवटी खुद्द गुणाजींनाही. जत्रा झाली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, हे कृष्णाबाईंनी तिथेच ठरवून टाकले. गुणाजींनी मान डोलावली. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि लेकीच्या तेलकट हातावर ठेवली.

"फाल्यां जत्रेक जाताना मिया मागे बायकांत बसतंय. गाडी तू चलय."