कुजबुजीपुरता आवाज

सभागृहातल्या टेबलाखाली टोपलीत बाळ नुकतंच झोपलं होतं आणि टेबलावर नवऱ्याचा छोटा मिक्सर होता, माइकचे आवाज कमीजास्त करायचा. आज दोन्ही तिच्याच गळ्यात. नवरा साउंडचं मोठं सामान घेऊन परगावी कार्यक्रमाला गेला होता. जाण्याआधी त्याने तिला स्वयंपाकघरातच धडा दिला होता.

"हे वरचं बटण म्हणजे गेन. सिलिंडरचा नळ समज. खालची सरकपट्टी म्हणजे शेगडीचं बटण. आधी नळ बेताने उघडायचा, मग आच कमीजास्त. आणि जो बोलत नाही, त्याचा माइक बंद."

"हा नियम घरात कधीपासून लावायचा?" तिने विचारलं होतं.

आजचा सत्कार तिच्या सासऱ्यांचा होता. बाबांनी आयुष्यभर नाटकं बसवली. तालमीत त्यांची एक हाक आली की शेवटच्या रांगेत पेंगणारा ताठ व्हायचा. घशाच्या ऑपरेशननंतर मात्र आवाज म्हणून उरली ती नुसती कुजबुज. "एकदाच बोलून बघतो, सूनबाई," ते म्हणाले होते. "नाही पोचलं, तर यापुढे माझ्यासमोर माइक धरायचा नाही कुणी."

तिने दोन माइकच्या वायरी जोडल्या. चिकटपट्टीवर 'निवेदिका' आणि 'बाबा' लिहून आपापल्या बटणाखाली लावलं. आधी मिक्सर सुरू केला, स्पीकर सगळ्यात शेवटी. मग एकेक माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" केलं, तेही कुजबुजत. बाळ झाल्यापासून दारावर कुणी आलं तरी ती कुजबुजतच "कोण?" विचारायची. ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाईस्तोवर तिने गेन चढवला, तिथे पेन्सिलीने खूण केली आणि मनात स्वतःची पाठ थोपटली.

सभागृह भरलं. निवेदिका बाईंनी छाती भरून "नमस्कार मंडळी!" म्हटलं मात्र, स्पीकर असा किंचाळला की लोकांनी कानांत बोटं घातली.

"गाडी सुटली वाटतं!" मागून एक काका ओरडले. हशा पिकला.

तिने घाईघाईत दोन्ही गेन पार कमी केले. किंचाळी थांबली, टोपलीतली सुरू झाली. बाळाला कडेवर घेऊन ती एका हाताने मिक्सरशी उभी राहिली.

मग बाबा उठले. त्यांनी माइक हातात घेतला. ओठ हलले, पण ऐकू काहीच आलं नाही.

"आवाज!" कुणीतरी म्हणालं.

बाबांनी पुन्हा ओठ हलवले. मग हळूच गळ्यावर हात ठेवला आणि पायऱ्यांकडे पाहिलं. आता ते उतरणार, हे तिला कळलं.

तिची नजर पेन्सिलीच्या खुणेवर गेली. निवेदिकेला जे माप जास्त झालं, ते कुजबुजीचंच तर होतं! पण पुन्हा किंचाळला तर? जो बोलत नाही, त्याचा माइक बंद. तिने आधी निवेदिकेचा माइक बंद केला. मग बाबांचा गेन हळूहळू खुणेपर्यंत नेला. बाबा तिच्याकडेच बघत होते. तिने स्वतःची मूठ ओठांना टेकवून दाखवली: असा जवळ धरा.

बाबांनी माइक ओठांशी नेला. "ऐकू येतंय?"

खरखरीत, वाळल्या पानासारखा तो आवाज भिंतीपर्यंत गेला. हे आपले गुरुजी, हे पटायला लोकांना क्षणभर वेळ लागला असावा. कडेवरच्या बाळाला मात्र लागला नाही. त्याने आजोबांचा दुसरा आवाज ऐकलाच कुठे होता? रोज दुपारी याच आवाजात त्याला गोष्टी मिळायच्या. रडं थांबवून ते स्पीकरच्या काळ्या खोक्याकडे टक लावून बघू लागलं. आजोबा त्यात कसे शिरले, कोण जाणे.

"शेवटची रांग?" बाबांनी विचारलं.

मघाच्या काकांनी हात वर केला. "येतंय, गुरुजी! अगदी स्वच्छ!"

"मग ताठ बसा."