राखीव कपाट

कॉलेजच्या ग्रंथपालबाई तशा माणसांवर पटकन विश्वास टाकणाऱ्या. ते कॉलेजही काही नुसत्या कोवळ्या पोरापोरींचं नव्हतं. दुपारपर्यंत दुकानात उभं राहून मग वर्गात बसणारे, लेकरांना शाळेत सोडून धावत येणाऱ्या आया, वीस वर्षांपूर्वी सुटलेलं शिक्षण पुन्हा धरू बघणारे, असे सगळे तिथे येत. त्यांच्यासाठी बाईंनी ग्रंथालयात नाना उद्योग काढले होते. लॅपटॉप घरी न्यायला मिळे, नोकरीच्या मुलाखतीची रंगीत तालीम होई, आठवड्यातून एकदा वाचनकट्टा भरे. परीक्षा जवळ आली की खिडकीजवळच्या टेबलावर तुकडे जोडायचं एक भलंमोठं कोडं मांडलेलं असे. जाता-येता ज्याला वाटेल त्याने एखादा तुकडा बसवावा, डोकं जरा थंड करावं आणि पुन्हा पुस्तकात घालावं.

काउंटरसमोर एक उघडं कपाट होतं, राखीव पुस्तकांचं. महागडे, जाडजूड ग्रंथ त्यात असत. घरी न्यायचे नाहीत, तिथेच वाचायचे आणि जागेवर ठेवायचे, एवढाच नियम. कपाटाला कुलूप नव्हतं. "कुलूप लावलं की माणूस चोरासारखा वागायला लागतो," असं बाई म्हणत.

परीक्षा तोंडावर आली आणि त्याच कपाटातून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं नाहीशी व्हायला लागली. आधी शरीररचनेचं गेलं. मग औषधांच्या मात्रांचं. मग रुग्णसेवेचं. प्रत्येकाची एकेकच प्रत. वर्गातल्या मुली रोज काउंटरवर येऊन रडकुंडीला येत .

बाईंचे सहायक तात्या निवृत्तीला आलेले. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून जगाकडे बघायची त्यांची जुनी सवय. ते एकदा हळूच म्हणाले, "बाई, कुठंतरी पाणी मुरतंय. आणि कुठं मुरतंय तेही मला दिसतंय."

"कुठं?"

तात्यांनी हनुवटीनेच दाखवलं. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ड्रायव्हरकाका बसले होते.

ड्रायव्हरकाका म्हणजे नर्सिंगच्या वर्गातला सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बस चालवली होती, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. माणूस तुसडा. वाचनकट्ट्याला कधी आला नाही, कोड्याच्या टेबलाकडे ढुंकून बघितलं नाही. कुणी शेजारून गेलं की मान वर करून बघायचा. जवळ एक फुगलेली काळी बॅग असे आणि तिचा पट्टा तो पायाला गुंडाळून बसे, जणू आत कुणाचा जीव आहे. बाकीचे अभ्यासाला स्थिरावत तोवर हा उठून घाईघाईने निघूनही जाई.

"त्यांच्या बॅगेत एक सोडून तीन ग्रंथ मावतील," तात्या म्हणाले.

"पण दारातली चोरी पकडणारी कमान वाजेल ना?"

"ती कमान? तिला लहर लागली तर वाजते. माझ्यासारखीच म्हातारी झालीय ती."

बाईंनी तात्यांना गप्प केलं खरं, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून त्यांचे डोळे त्या बॅगेवरून हलेनात. काका खोकले तरी त्यांना त्यात काहीतरी दिसे. एकदा काकांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, तर बाईंना वाटलं, हा आपला अंदाज घेतोय. संशयाचं असंच असतं. एकदा मानगुटीवर बसला की साधा नमस्कारही सरळ दिसत नाही.

आणि मग एका दुपारी कमान वाजली. काका बाहेर पडत होते. कमानीने अशी किंकाळी फोडली की सगळं ग्रंथालय माना वळवून बघायला लागलं.

"काका, जरा थांबा," बाई म्हणाल्या. "बॅग उघडून दाखवता का?"

"कशाला?"

"नियम आहे."

"मला उशीर होतोय, मॅडम. बॅगेत तुमचं काही नाही."

"नसेल तर दाखवायला काय हरकत आहे?" हे बाई जरा जास्तच मोठ्याने बोलल्या. ते त्यांचं त्यांनाही जाणवलं.

काकांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग बॅग काउंटरवर ठेवली, चेन सर्रकन ओढली आणि बॅग उलटी केली. एक वही पडली.  मग मलमाची ट्यूब, रबरी हातमोजे, एक बाईमाणसाचा गाउन, आणि शेवटी मोठ्या माणसांच्या डायपरचं अख्खं पाकीट. त्या पाकिटाला औषधाच्या दुकानातली चोरी पकडायची चकती तशीच चिकटलेली होती. दुकानदार काढायला विसरला होता. कमान तिच्यामुळेच कोकलली होती.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बायकोसाठी आहेत," काका म्हणाले. "अर्धं अंग गेलंय तिचं. शेजारीण आत्तापर्यंतच बसते तिच्यापाशी. अजून काही बघायचंय?"

"काका, माझं चुकलं. मी..."

"नियम आहे ना? झालं तर मग." त्यांनी एकेक वस्तू परत भरली. हातमोजे खाली पडले होते ते तात्यांनी उचलून दिले. काकांनी ते घेतले, पण तात्यांकडे बघितलं नाही.

त्यानंतर ते यायचे बंद झाले. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. पुस्तकं मात्र अजूनही बेपत्ताच.

बाईंच्या घरी त्यांची भाची राहत होती, चिमी. धाकट्या बहिणीची मुलगी. दूरच्या गावाहून शिकायला आलेली, तीही नर्सिंगलाच. घरी येऊन बाईंनी रडत रडत तिला सगळा प्रकार सांगितला, तेव्हा ती ताटातल्या जेवणाकडे बघत म्हणाली, "जाऊ दे ना मावशी. तू मुद्दाम केलं नाहीस." बाईंना त्या शब्दांनी बरं वाटलं होतं.

पुढे दोन-चार दिवसांनी मुलाखतीच्या तालमीला आलेल्या एका बाईला कामगार कायद्यातली एक जुनी तरतूद बघायची होती. त्यासाठी ग्रंथपालबाई मागच्या खोलीत गेल्या. तिथे कायद्याचे जुनेपुराणे खंड होते. धुळीने माखलेले, कुणी हात न लावलेले. खालच्या ओळीतला एक खंड त्यांनी ओढला, तर मागे काहीतरी निळं दिसलं. औषधांच्या मात्रांचं पुस्तक. त्याच्या मागे बाकीची दोन.

म्हणजे चोरी नव्हतीच. कुणीतरी लपवून ठेवली होती. आपल्याला हवं तेव्हा येऊन वाचायचं, दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही.

बाईंच्या मनात पहिले आले तात्या. किल्ल्या त्यांच्याकडे, आणि काकांकडे बोटही त्यांनीच दाखवलं होतं! पण तात्यांना नर्सिंगच्या पुस्तकांचं काय करायचंय? मग त्यांना आठवलं. महिन्याभरापूर्वी जेवताना आपणच हसत म्हणालो होतो, "मागच्या खोलीतल्या कायद्याच्या पुस्तकांपाशी झुरळसुद्धा फिरकत नाही." आणि ते ऐकायला समोर एकच माणूस होतं.

 पुस्तकं बाईंनी होती तशीच ठेवली आणि पुढे खंड सरकवून दिला.

ती संध्याकाळ मोठी विचित्र गेली. चिमी नेहमीसारखी हसत होती, भांडी विसळत होती, आणि बाई तिच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. लहानपणी हिला अंगाखांद्यावर खेळवलं. हिचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसलो. आणि आज हिच्या प्रत्येक शब्दाला आपण उलटून पालटून बघतोय. आपलंच चुकत असेल तर? एकदा एका भल्या माणसाची बॅग उलटी करून झाली, आता घरच्या पोरीची?

जेवताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "मागच्या खोलीतले ते जुने खंड उद्या रद्दीत देतोय. एकदाची जागा मोकळी होईल."

चिमीचा हात ताटावरच थांबला. "सगळेच?"

"सगळेच. तात्या सकाळी आल्या आल्या पोत्यात भरणार."

"बरं होईल," चिमी म्हणाली, आणि पाणी प्यायली. 

सकाळी बाई उठायच्या आत ती आवरून दारात होती. "आज प्रॅक्टिकल लवकर आहे, मावशी." बाईंनी तिला जाऊ दिलं आणि मागोमाग निघाल्या.

ग्रंथालय नुकतंच उघडलं होतं. तात्या बाहेर पाणी भरत होते. मागच्या खोलीत चिमी गुडघ्यांवर बसली होती आणि तिन्ही पुस्तकं तिच्या मांडीवर होती. दारात मावशीला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"का गं?" बाईंनी एवढंच विचारलं.

"मला कळत नाही त्यातलं काही!" चिमीला रडू फुटलं. "सगळ्या जणी एकदा वाचतात आणि त्यांना येतं. मला चार वेळा वाचावं लागतं. तोवर पुस्तक दुसरीच्या हातात. नापास झाले तर आई म्हणणार, ये परत घरी. आणि इथं सगळे म्हणणार, ग्रंथपालबाईंची भाची असून नापास झाली."

"आणि काकांची बॅग उघडली तेव्हा?"

"तेव्हा सांगणार होते. पण तू इतकी रडत होतीस... मग सांगायची छाती झाली नाही."

बाईंना तिला एक ठेवून द्यावीशीही वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता त्यांनी पुस्तकं तिच्या हातातून घेतली. गुपचूप कपाटात ठेवून द्यावीत, कुणाला काही कळणार नाही, असा विचार करत त्या वळल्या, तर दारात ड्रायव्हरकाका उभे. हातात ग्रंथालयाचा लॅपटॉप.

"काउंटरवर कुणी नव्हतं," ते म्हणाले. "हा परत करायचाय. कॉलेजातून नाव काढून घेतोय मी." मग त्यांची नजर पुस्तकांवर गेली. "सापडली वाटतं?"

"हो. चुकीच्या कपाटात गेली होती," बाई बोलून गेल्या.

काकांनी तीन पुस्तकं बघितली. रडून लाल झालेली पोरगी बघितली. मग बाईंकडे बघितलं, अगदी तसंच, जसं बाई इतके दिवस त्यांच्याकडे बघत होत्या. "तिन्ही? एकाच कपाटात? पाय फुटले काय त्यांना?"

 "नाही," बाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले. हिनं लपवली होती. माझी भाची आहे ही."

"म्हणजे काखेत कळसा आणि माझ्या बॅगेला वळसा!"

"काका, मी तुमची माफी..."

"तुमची माफी घरी नेऊन मी काय करू, मॅडम? इतके दिवस माझे फुकट गेले. परीक्षा समोर आहे. ते दिवस कोण भरून देणार?"

चिमी उठून उभी राहिली.  "मी वाचून दाखवते, काका. रोज. तुम्ही म्हणाल तेवढं."

"तू? अर्धी पानं गाळशील."

"मग पुस्तक तुमच्यापुढं ठेवा."

 काकांनी लॅपटॉप मात्र काउंटरवर ठेवला नाही. परत बॅगेत घातला आणि गेले.

बाई स्वतःच प्राचार्यांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं, घरचं माणूस आहे म्हणून काही न झाकता. चिमीला वर्गासमोर कबुली द्यावी लागली. परीक्षेपर्यंत राखीव पुस्तकाला एकटीने हात लावायचा नाही, अशी शिक्षा झाली. वर्गातल्या दोघी-तिघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या, त्या पुढेही बरेच दिवस बोलल्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवसापासून गटाने अभ्यास करायच्या खोलीत वाचन सुरू झालं. चिमी वाचे आणि शेजारी काका ओळीवर बोट ठेवून बसत. पहिले काही दिवस ते खरोखरच एकेक ओळ तपासत होते. एकदा तिने एक परिच्छेद चुकून सोडला, तर त्यांनी टेबलावर थाप मारली, "ब्रेक! मागं घे गाडी." ती हसली, आणि मग तेही कसेबसे हसले. मोठ्याने वाचायला लागल्यावर चिमीला जे चार वेळा वाचून कळत नव्हतं ते डोक्यात शिरू लागलं. हळूहळू बाकीचेही येऊन बसू लागले. ज्यांना कामावरून येणं जमत नसे ते फोनवरून ऐकत. खोली पुरेना, तेव्हा तात्यांनी वाचनकट्ट्याच्या खुर्च्या आत ओढल्या आणि स्वतःही एक धरून बसले. "यकृत कुठं असतं हे मला या वयात कळतंय," ते म्हणाले.

काका बाईंशी मात्र कामापुरतंच बोलत. बाईंनीही जास्त काही मागितलं नाही.

निकाल लागला. काका काठावर का होईना, पण सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाले. चिमी बाकी सगळ्यांत पास झाली आणि औषधांच्या मात्रांत तेवढी राहिली. तो पेपर तिला पुन्हा द्यायचा होता.

संध्याकाळी बाईंच्या बहिणीचा फोन आला. तिचा आवाज आधीच चढलेला. "ताई, पोरगी निकालाचं नीट सांगत नाहीये. तू काही लपवत नाहीस ना माझ्यापासून?"

बाईंनी फोन चिमीपुढे धरला. "तूच बोल."

चिमीने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. बाई दारापाशीच थांबल्या. ही सगळं सांगेल का? की नुसतं राहिलेल्या विषयाचं सांगून पुस्तकांचं गाळेल? आतून चिमीचा बारीक आवाज आला, "आई, आधी पूर्ण ऐकून घे, मग ओरड..." बाईंचा कान आपोआप दाराकडे झुकला. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्या स्वयंपाकघरात गेल्या, मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. पाण्याच्या आवाजात आतलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.