आईची साखर आणि माझी घाई

एक होती आई. तिच्या पोटात होतं बाळ आणि बाळाच्या पोटात, जठराच्या मागे अंग चोरून बसलेलं मी. त्या बाळाचं स्वादुपिंड बोलतंय.

माझ्या हाताखाली दोघं राबतात. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींच्या दारात पोचवतं. ग्लुकागॉन अडीअडचणीला यकृताच्या कोठारातली साखर बाहेर काढतं. दोघांचं जमलं की घर सुखी.

आईला दिवस गेले आणि मधुमेह झाला. बाळाला पोसणाऱ्या वारेतले रस तिच्या इन्सुलिनला कामच करू देईनात. डॉक्टरांनी इन्सुलिनच्या सुया दिल्या, तर आजी, म्हणजे आईची सासू, आडवी आली.

"रोज पोटावर सुई? पोराला लागेल गं. दोन घास कमी खा, झालं."

सुया कपाटात गेल्या. आजीची माया खोटी नव्हती. पण सुईतलं औषध माझ्यापर्यंत येतच नाही, येते ती आईची साखर. ती लोंढ्यासारखी आली. मी इन्सुलिन ओतत राहिलं, बाळ फुगत राहिलं आणि पोट बघून आजी मिरवत राहिली.

बाळ जन्मलं, नाळ कापली. साखर तिथल्या तिथे बंद. माझा हात मात्र थांबेना. होती नव्हती ती साखर मी पुसून काढत होतं. ग्लुकागॉनला हाका मारल्या, पण इन्सुलिन त्याला डोकं वर काढू देईना.

बाहेर सगळे कौतुकात.

"बापावर गेलंय, झोपायला निमित्त नको," आजी म्हणाली. "उठवू नका कुणी."

आईने बाळाचा हात उचलला. तो थरथरला आणि लुळा पडला.

"आई, हे बरं दिसत नाही," ती आजीला म्हणाली.

"दमलंय गं ते."

"सुयांच्या वेळी तुमचं ऐकलं, आता नाही. सिस्टर, आधी इकडे या."

सिस्टरने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखरेचा आकडा फारच खाली होता. तिने साखरेची जेल बाळाच्या गालात आतून चोळली, त्याला आईच्या छातीशी लावलं. बाळ ओढेना. आत सगळं मंदावत चाललं होतं आणि मला काही सुचेना.

आजीच पुढे झाली. बाळाचे तळवे चोळत म्हणाली, "ऊठ रे राजा, माझं चुकलं. आता झोपू नकोस."

एक घोट गेला. मग दुसरा. साखर बारीक धारेने आली, माझा हात हळूहळू आवरला आणि बाळाने असा टाहो फोडला की आजी रडता रडता हसली.

बायांनो, आईला मधुमेह असेल तर बाळाला जन्मताच पाजा आणि त्याची साखर तपासून घ्या. गप्प पडलंय म्हणून शहाणं समजू नका.

आता आम्ही घरी आलोय. आई पाजते तेवढ्यापुरतंच मी इन्सुलिन ओततं.