भिंतीपलीकडचा बेस

मिथुनचा बेस माझ्यापेक्षा भारी आहे, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात. लोकांत माझी बायको बेबीनंदाही येते, कारण मिथुन तिचा चुलतभाऊ.

मी परतूरला अकरा वर्षांपासून डीजेच्या गाड्यांसाठी गाणी रिमिक्स करतो. कॉम्प्युटरमधला सिंथ, ज्यातून बेस निघतो, तो मिथुनला मीच शिकवला. दोन वर्षांत त्याच्या बेसनं वाटूरच्या दुकानांची शटरं थरथरायला लागली. माझं गाणं लागलं की शटरं शांत असतात. मी दोष गाडीवाल्यांना देत आलो, दर वर्षी वेगळ्या.

यंदा वाटूरच्या चौदा एप्रिलच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, "दोघं एकेक गाणं आणा. मैदानात वाजवू. ज्याचा बेस छातीत बसंल, त्याचं मिरवणुकीत पुढच्या गाडीवर."

मागच्या गाडीवर काय वाजलं, हे मागच्या गाडीवाल्यालाही आठवत नाही.

मी महिनाभर खपलो. खोलीत बेस असा भरून यायचा की तांब्यातल्या पाण्यावर तरंग उठायचे. मला उलट तो कमी करावा लागला.

रामनवमीच्या सकाळी वाटूरच्या मैदानात आधी मिथुनचं गाणं वाजलं. अण्णासाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मग माझं वाजलं. चष्मा जागेवर राहिला.

"राजानंद, बेस परतूरलाच राह्यला का?"

मी वायरीला नावं ठेवली. मिथुननं वायर बदलली. मी स्पीकरला नावं ठेवली. त्यानं तोही बदलला. या पोराचा सगळ्यात मोठा दुर्गुण म्हणजे तो मदत करतो.

"दाजी, किकचा ठोका पडला की बेस जरासा दाबायचा, मंग सोडायचा," तो म्हणाला. "दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत न्हाई."

"हे घरीबी करत जा," भावाचं गाणं ऐकायला आलेली बेबीनंदा मला म्हणाली.

"माझ्या खोलीत चल," मी मिथुनला म्हणालो. "तिथं ऐक." अण्णासाहेबांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

खोलीत गाणं लावलं. तांब्यातलं पाणी हललं नाही. कोणीतरी घोंगडीत तोंड घालून खोकतंय, एवढाच आवाज. माझा पहिला संशय मिथुनवर गेला. संशयाला तो रस्ता सवयीचा आहे.

तेवढ्यात भिंतीपलीकडे घूंऽऽ झालं. शेजारचे कारभारीकाका रामनवमीसाठी जांब समर्थला गेले होते, ते परत आले आणि त्यांनी पिठाची गिरणी सुरू केली. तांब्यात तरंग उठले. माझा बेस परत आला, भरदार, गोल.

मी गाणं बंद केलं. बेस चालूच राहिला.

मिथुन हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं भिंतीला कान लावला. "काय सूर हाय, दाजी! किती वर्षांपासून चालू हाय?"

"अकरा."

मी काकांना म्हणालो, तासभर गिरणी बंद ठेवा, बेस नव्यानं करायचाय. ते म्हणाले, "बाया डबे घेऊन रांगेत हायेत. तू सांग त्यांना." मी सांगितलं नाही. संध्याकाळची मुदत तशीच गेली.

मिथुननं मात्र विचारलं, "काका, मोटरचा आवाज मोबाइलवर घेऊ का?"

"घे की. त्यानं मोटर काय झिजणार हाय?"

जयंतीला पुढच्या गाडीवर मिथुनचं नवं गाणं होतं. त्यानं ती घूं घेतली, तिची शेपूट छाटली, तोंडाशी एक ठोका ठेवला, आणि किकच्या वेळी तिला गप्प बसवलं. शटरं हलली. पीठ लागलेली टोपी सावरत कारभारीकाका "आरं, ही तर माझी मोटर!" म्हणून ओरडले आणि नाचायला लागले. अकरा वर्षं ती माझ्या भिंतीला टेकून होती. मला ती एकदाही ऐकू आली नाही. त्याला एका मिनिटात आली.

"कसा हाय बेस?" बेबीनंदानं विचारलं.

"ओळखीचा वाटतो," मी म्हणालो, आणि मागच्या गाडीकडे गेलो. तिथं माझंच गाणं चालू होतं, असं गाडीवाल्यानं सांगितलं.