खिंडीत पेटणारा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. बोराएवढा. पासलीच्या सावळारामच्या जीपमध्ये, स्टिअरिंगच्या मागे माझी जागा होती. मला एकच काम येतं. इंजिनाचा दम खाली आला की पेटायचं, दम परत आला की विझायचं. दम कुठं अडला, ते सांगायला मला तोंड नाही.

जीप आधी सरकारी साहेबांकडे होती. अडुसष्ट साली लिलावात निघाली आणि सावळारामने घेतली. मग आम्ही भोरपर्यंत माणसं वाहिली, भाताची पोती वाहिली, हळदीच्या अंगाने नवरा-नवरी आणली. सावळाराम रोज सकाळी माझी काच धोतराच्या सोग्याने पुसायचा. कौतुकाचे दिवस होते ते.

पासलीहून भोरला जाताना एक खिंड लागते. तिथे आईचं ठाणं आहे. देऊळ नाही, नुसता शेंदूर लावलेला पाषाण. पहिल्या दसऱ्याला सावळारामने आईची ओटी भरली, त्यातला खण प्रसाद म्हणून मागे घेतला आणि बॉनेट उघडून, इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर बांधला.

"आये," तो हात जोडून म्हणाला, "गाडीचा दरेक श्वास तुज्या खणातनं गाळून जाऊ दे."

भक्ती खरी होती, मित्रांनो. पण काही दिवसांनी खिंडीचा चढ चढताना इंजिन अडखळलं आणि मी पेटलो. उतार लागला, तसा विझलो. गाडीतल्या माणसांनी हात जोडले. कुणीतरी पुटपुटलं, "आईनं डोळा उगडला." सावळाराम घाबरला. त्याने पहिल्या खणावर दुसरा खण बांधला.

मग तसंच चालू झालं. मी पेटायचो आणि खण वाढायचा. सपाटीवर सगळं ठीक असे. पण चढाला इंजिनाला जास्त हवा लागे, आणि चढ होता तो नेमका खिंडीतच. धुळीने आणि धुक्याने खण जड झाले. बॉनेटखालून एक आवाज येऊ लागला. तोंडावर पदर दाबून कुणी श्वास ओढावा, तसा.

"आरं सावळाराम," बाजाराला निघालेली रतनबाई एकदा म्हणाली, "गाडीला लुगडं नेसवलंस की रं! आता नथ कवा घालतोस?"

सगळे हसले. खिंड आली, तशी तीही हसायची थांबली.

श्रावणातल्या एका दुपारी सरूबाईची सून अंजना बाळंत झाली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो सरूबाईने सोडवला, बाळ रडलं. पण अंजनाचं रक्त थांबेना. तिला मागच्या बाकावर निजवून आम्ही भोरच्या दवाखान्याकडे निघालो. सरूबाईचा त्या दिवशी कडक उपास होता. बाळाला छातीशी धरून ती एकसारखं आईचं नाव घेत होती.

खिंडीत धुकं इतकं होतं की रस्ता दिसेना. चढाच्या मध्यावर इंजिनाने आचके दिले. मी पेटलो. जीप आईच्या पाषाणाशीच थांबली. सावळारामने पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली. दर वेळी तोच दाबलेला श्वास, आणि मग काही नाही. आतलं सगळं माझ्या उजेडात लाल दिसत होतं. अंजनाचा चेहरासुद्धा.

सावळारामने खिशातून नवा खण काढला. "बांदतो, मावशे. आई कोपलीया."

"थांब." सरूबाई कान देऊन बसली होती. "पुन्यांदा चालू कर. ...ह्यो आवाज म्या आजच ऐकलाय. नाळ गळ्यात हुती तवा लेकरू असंच करत हुतं. गाडीच्या गळ्याला काय बांदलंयस रं?"

"आईचं खण हायती. हात कसा लावू, मावशे?"

"तू नगं लावू. हे घे, नातू धर."

ती खाली उतरली. सावळारामने एका हाताने बाळ धरलं, दुसऱ्याने बॉनेट उचललं. सरूबाईने आधी पाषाणाकडे पाहून हात जोडले. मग एकेक गाठ सोडू लागली.

"आये, तुजं तुला परत करते. तू खण घेतलास, कुनाचा जीव न्हाई मागितलास. माजी अंजना पोचू दे."

ओले काळे खण तिने पाषाणापुढे ठेवले. इंजिनाने एक लांब श्वास घेतला आणि ते सुरू झालं. मी विझलो. अंजना वेळेत पोचली, वाचली.

पण तिथून निघताना मी जे पाहिलं, ते कुणाला सांगितलं नाही. वारा नव्हता. तरी पाषाणापुढचे खण हलत होते. वर, खाली. वर, खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे.

पुढे जीप मोडीत गेली. सावळारामने मला काढून देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलं. माझ्या तारा तुटल्या आहेत, काचेवर काजळी आहे, पुसायला कुणी नाही. तरी एखाद्या धुक्याच्या दिवशी मी पेटतो. घरातले म्हणतात, उन्हाची तिरीप पडली असेल.

मित्रांनो, मी पेटलो तर खुशाल हात जोडा. पण मला झाकू नका, माझ्यावर काही बांधू नका. बॉनेट उघडा आणि श्वास कुठं अडलाय ते बघा.

आज सकाळपासून मी पेटलो आहे. बाहेर धुकं आहे, ऊन नाही. जवळपास कुणाचा तरी दम कोंडतो आहे. जरा बघता का?